क्ष-किरणांच्या खोलीबाहेर दिलेलं उत्तर

माझी माय न्हाणीत घसरून पडली त्या दिवशी माझी बायको भाचीच्या लग्नासाठी नांदेडला गेली होती आणि मुलगा ऑफिसात होता. घरात मी आणि सून. मायचं वय एक्क्याऐंशी, वजन त्रेचाळीस किलो, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरी. उजव्या कुशीवर पडली होती आणि पायाला हात लावू देत नव्हती. चिक्कडपल्लीतल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारात बावीस वर्षं राहणाऱ्या वहिनी आवाज ऐकून धावत आल्या. त्यांनीच आपली गाडी काढली. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, खुब्याचा फोटो काढून आणा. आम्ही जामबागेतल्या एका तपासणी केंद्रात गेलो.

मी शहराबाहेरच्या एका औषध कारखान्यात वजनकाटे तपासतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम. काटा काय दाखवतो ते लिहायचं, काय दाखवायला हवं ते नाही. चुकीचं लिहिलं गेलं तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. हे आधी सांगतो, कारण अशा माणसाने त्या दिवशी खोटं लिहिलं.

खोलीच्या दाराशी टेक्निशियन फॉर्म घेऊन उभा होता. तिशीचा, घाईतला माणूस. छातीवर किरणांची नोंद ठेवणारा एक लहान चौकोनी बिल्ला लावलेला.

"अम्मा अकेले नै लेटते. एक जन अंदर आव, पकडने कू. आप आते क्या?"

मी पुढे झालो तशी माय ओरडली. तिला ऐकू येत नव्हतं, पण लुगडं वर करावं लागणार हे तिला कळलं होतं. "तू नको रे बाबा! पोरगा आहेस तू माझा! पोरीला पाठव." सून आधीच पुढे आली होती. तिने मायचा हात धरला होता.

"पेट से तो नै ना?" टेक्निशियनने विचारलं. पेन फॉर्मवर टेकलेलं.

सूनबाईला आठवा आठवडा होता.

मागच्या वर्षी दुसऱ्या महिन्यातच आम्ही पेढे वाटले होते. सगळ्यात आधी समोरच्या दारात. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. माझ्या बायकोने तेव्हा ठरवलं, पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरून होईपर्यंत घराबाहेर शब्द काढायचा नाही. चोरओटी म्हणजे घरातल्या घरात, कुणाला न बोलावता, दार लावून भरायची ओटी. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही असं म्हणतो. पण नांदेडला जाताना तिने मला पुन्हा बजावलं होतं, "वहिनींसमोर तोंड उघडाल तर बघा."

आणि वहिनी माझ्या डाव्या हाताला दीड फुटावर, मायची पिशवी धरून उभ्या होत्या.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यासमोर ती स्वतः हे बोलणार नव्हती. माझ्याकडे बघणं म्हणजे विचारणंच होतं.

"नहीं, नहीं. कोई नहीं," मी म्हणालो.

त्याने 'नाही'वर खूण केली. मी सही केली.

सुनेला त्याने शिशाचा ॲप्रन घातला. तो पुढून गुडघ्यापर्यंत होता, मागे नुसते पट्टे. दार बंद झालं. टेक्निशियनच्या खांद्यामागून जाड काचेतून मला आत दिसत होतं. माय पहिल्या वेळी हलली, दुसऱ्या वेळीही हलली. तिसऱ्या वेळी तिला नीट ऐकू जावं म्हणून सून तिच्या कानाशी वाकली आणि वाकताना वळली. ॲप्रनची उघडी बाजू, तिची पाठ, यंत्राकडे झाली. तेवढ्यात बटण दाबलं गेलं. एक बारीक आवाज झाला आणि संपलं.

फिल्म येईपर्यंत मी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत पाटी होती. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आत जाण्यापूर्वी सांगा. तिन्ही भाषा मला वाचता येतात. मी ती तिन्ही भाषांत वाचली. उठून बंद दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. वहिनी म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही कशाला एवढे घाबरता? म्हातारं हाड आहे, जुळतं हळूहळू."

हाड मोडलं नव्हतं, पुढच्या भागात बारीक चीर होती. दोन आठवडे अंथरुणात आणि मग पुन्हा फोटो. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी मुलगा आला. मी त्याला सगळं सांगितलं, बटण तीन वेळा दाबलं गेलं आणि शेवटी ती पाठमोरी होती हेसुद्धा. तो आत जाऊन मोबाईल घेऊन बसला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला वाटलं की मी सांगायला नको होतं.

"बाबा, इथे काय काय लिहिलंय माहितेय? मेंदू नीट वाढत नाही. व्यंग. कॅन्सर."

"किती मात्रेला?"

"मात्रा काय विचारता! तुम्ही 'हो' म्हणाला असता तर मात्रा विचारायची वेळच नसती आली."

दुसऱ्या दिवशी त्याने कुणा मित्राच्या ओळखीने एका दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं गेलं, तरुण आहात, उगाच रिस्क कशाला, शनिवारी या, मोकळं करून टाकू. तो मंगळवार होता. नांदेडहून बायकोचा फोन आला. ती आधी खूप रडली, मग म्हणाली, "मुलगा म्हणतो तेच खरं असेल. वेडंविद्रं जन्माला घालून त्या जिवाचे हाल करायचे का?"

सून स्वयंपाकघरात मायसाठी पेज ढवळत होती. मी पाणी प्यायला गेलो. ती ज्वारीच्या पेजेकडेच बघत म्हणाली, "मामा, मागच्या वेळी ते आपोआप गेलं. मला कुणी विचारलं नाही. या वेळी तरी विचारा."

"तुला काय वाटतं, पोरी?"

"मला भीती वाटते. पण नेमकी कशाची, ते कुणी सांगत नाही. सगळे नुसते भ्या म्हणतात."

मी माणसांना धीर देण्यात हुशार नाही. पण किती, हा प्रश्न मला कळतो. बुधवारी रजा टाकून मी एकटाच जामबागेला गेलो. तिथल्या क्ष-किरण डॉक्टरांकडेच केंद्राच्या किरणसुरक्षेचीही जबाबदारी होती. साठीच्या बाई, तेलुगू घरातल्या, पण औरंगाबादला शिकलेल्या. मी नांदेडकडचा म्हटल्यावर मराठीतच बोलू लागल्या. मी उभ्यानेच सांगितलं, "सोमवारी मी तुमच्या फॉर्मवर खोटं लिहून दिलं."

त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. टेक्निशियनला फॉर्मसकट बोलावलं. त्याने तो वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मैं पूछा ना, चाचा? पूछा था ना मैं?" त्याने फॉर्मवरच्या खुणेवर बोट ठेवलं. त्याचीही नोकरी होती. मी म्हणालो, "हौ, पूछे. मेरीच गलती."

मग बाईंनी प्रश्न सुरू केले. किती वेळा? तीन. ती कुठे उभी होती? उशाशी. किती अंतरावर? खोलीत जाऊन मी फरशा मोजल्या. एक फरशी दोन फूट. ती उभी होती तिथपासून टेबलावर मायचा खुबा होता तिथपर्यंत पावणेदोन फूट, वाकल्यावर थोडं कमीच. यंत्राचा झोत मायच्या खुब्यावर होता, सुनेवर नाही.

"हे महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "झोत तिच्यावर नव्हता. तुमच्या आईच्या अंगावर आदळून जे इकडेतिकडे उडतं तेवढंच तिच्याकडे आलं. मीटरभर अंतरावर ते झोताच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतं. निम्म्या अंतरावर चौपट होतं, दुप्पट नाही. म्हणून आम्ही लांब उभे राहतो, कमी वेळ थांबतो आणि मध्ये शिसं ठेवतो. तिसऱ्या वेळी तिच्या पाठीला शिसं नव्हतं. आपण तिन्ही वेळा नव्हतं असं धरू."

त्यांनी यंत्रावरच्या नोंदी काढल्या आणि कागदावर गुणाकार केला. मी दुसऱ्या कागदावर केला. दोघांचं उत्तर पन्नास मायक्रोग्रेच्या आसपास आलं, तेही सगळं वाईटात वाईट धरून. ग्रे हे अंगात शिरलेल्या किरणांचं माप.

"पन्नास म्हणजे किती?"

"तुम्ही काटे तपासता ना? मग ऐका. या शहराखाली सगळा ग्रॅनाइट आहे. जमीन, भिंती, आकाश यांतून आपल्याला रोज थोडं मिळतच असतं. पन्नास म्हणजे साधारण इथल्या आठवड्याभराचं. आणि पोटातल्या बाळाची खरी काळजी आम्ही करतो ती शंभर मिलीग्रेच्या पुढे. त्याच्या खाली केवळ किरणांच्या कारणाने गर्भ पाडा, असं मी कुणाला सांगणार नाही."

शंभर मिली म्हणजे एक लाख मायक्रो. भागिले पन्नास. दोन हजार. मी ते तीनदा केलं.

"म्हणजे धोका शून्य?" मी विचारलं.

"शून्य मी म्हणत नाही. तुमच्या काट्यावर तुम्ही म्हणाल का?"

नाही म्हणणार. काट्याची चूक शून्य कधीच नसते. ती किती, ते लिहायचं असतं. मला त्या बाईंचा विश्वास वाटला तो या एका उत्तराने. मी फॉर्म मागितला, 'नाही'वरच्या खुणेवर एक आडवी रेघ मारली, 'होय'वर खूण केली, सही केली, बुधवारची तारीख घातली. टेक्निशियन बघत होता. बाई म्हणाल्या, "शिसं आम्ही देऊ शकतो, अंतर देऊ शकतो. पण आत कोण जातंय, ते आम्हाला बाहेरच्या माणसाकडूनच कळतं. तुम्ही खरं बोलला असतात तर ती आत गेलीच नसती. पन्नाससुद्धा नसते."

त्यांनी सगळं लिहून दिलं. घरी मी तो कागद मुलाच्या नाही, सुनेच्या हातात दिला. भाग कसा दिला ते तिला दाखवलं. तिने विचारलं, "आणि मी पाठमोरी झाले ते?" मी म्हणालो, "तिन्ही वेळा उघडीच होतीस असं धरलंय." तिने कागदावरची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मग नवऱ्याला म्हणाली, "शनिवारचं त्यांना कळवा, येत नाही म्हणून." तो खूप वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने फक्त, "नक्की?" असं विचारलं, आणि ती म्हणाली, "नक्की नाही. पण ठेवायचं."

त्यानंतरचे दिवस मी आकड्यांवर काढले असं म्हणणं खोटं ठरेल. कागदावर दोन हजार लिहिलेलं होतं, पण मी कामावर काट्याच्या तबकडीत वजन ठेवताना ती पाठमोरी वाकलेली दिसायची. दहावा आठवडा लागला तेव्हा तर घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मागच्या वेळी त्याच आठवड्यात गेलं होतं. माझी बायको परत आली होती. ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलायची.

त्याच आठवड्यात मायचा दुसरा फोटो आला. वहिनींनी पुन्हा गाडी काढली. सून घरी थांबायला तयार नव्हती, माय तिचा हात सोडत नव्हती. बाकावर आम्ही चौघं बसलो, माय स्ट्रेचरवर. तोच टेक्निशियन, तोच फॉर्म. त्याने मला ओळखलं. या वेळी त्याने माझ्या एकट्याकडे बघून विचारलं नाही. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत, जरा मोठ्यानेच, "पेट से है क्या कोई?"

बायकोचा कोपर माझ्या बरगडीत बसला.

"हौ," मी म्हणालो. "हमारी बहू. ढाई महीने. वो अंदर नै जाती. मेरी घरवाली जाएगी."

बायकोने मान खाली घातली. मी वहिनींकडे बघू शकलो नाही.

"मग आता सांगितलंत होय?" वहिनी म्हणाल्या. "महिना झाला, ही पोरगी माझ्याकडे कच्ची चिंच मागायला येते. मी काय आंधळी आहे? मी तर त्या दिवशीच म्हणणार होते, हिला आत पाठवू नका. पण घरच्या कर्त्या माणसानेच नाही म्हटल्यावर मी कोण मध्ये बोलणारी?"

मी सुनेकडे पाहिलं. तिने पदराने तोंड झाकलं होतं. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बायको उठली, टेक्निशियनच्या हातून ॲप्रन घेतला आणि आत जाताना वहिनींना म्हणाली, "नजर नका लावू म्हणजे झालं." वहिनी म्हणाल्या, "जा गं, जा. आधी सासूला धर नीट."

या वेळी माय हलली नाही. एकाच फोटोत झालं.

फोटो चालू असताना मी त्या बाकावर सुनेशेजारी बसलो होतो. बंद दार, भिंत आणि वीस फूट अंतर मध्ये होतं. तरीही मी तिला म्हणालो, "पोरी, आणखी थोडं लांब बसू." ती उठली, आणि आम्ही जिन्याजवळच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

मुलगी झाली, अडतिसाव्या आठवड्यात, दोन किलो सातशे साठ ग्रॅम. डॉक्टरांनी सगळं नीट आहे म्हणून सांगितलं. मी नर्सला विचारलं, काटा शेवटचा कधी तपासलाय. ती चिडली. पण मला तो आकडा खरा हवा होता.