आधी करून दाखवा

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येत आहे की, माडीवरून पळत्या घोड्यावर उडी मारण्याचा अधिकृत आकडा अठरा आहे. तो माझ्या साडूभाऊंनी नांदेडात, स्वतःच्या बैठकीच्या खोलीत, माझ्या कमरेच्या साक्षीनं ठरवला. आणि पराक्रमाच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक न्यायाधीश गोदावरीच्या दोन्ही काठांवर आजवर झालेला नाही.

साडूभाऊ म्हणजे निवृत्त पी.टी. मास्तर आणि जन्मभराचे कबड्डीचे पंच. त्यांच्या मुलानं पुण्याहून एक खेळ आणला आणि इथंच विसरून गेला. सतरंजीवर बसून प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, आपला वीर काय करतो ते तोंडानं सांगायचं. पंचानं त्या करामतीला एक आकडा लावायचा, आणि वीस बाजूंच्या फाशावर तेवढा किंवा जास्त पडला तर जमलं, नाही तर वीर आपटला. बाकीचं जग हे आकडे पुस्तकात बघून ठरवतं. साडूभाऊ गळ्यात शिट्टी अडकवतात आणि म्हणतात, "आधी करून दाखवा." मी घोड्यावर उडी मारतो म्हणालो, तर त्यांनी विचारलं, "घोडा उभा हाय का पळून राहिलाय?" पळतोय म्हटल्यावर गॅसची रिकामी टाकी आडवी करून ढकलली आणि मला सोफ्यावर चढवलं. मी घोडा ओलांडून थेट टीपॉयखाली पोचलो. "अठरा," साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "आन् हे बी नातं बघून." शेजारचे औषधदुकानदार राक्षसाच्या डोळ्यांत तिखट फेकतो म्हणाले, तेव्हा साडूभाऊंनी स्वयंपाकघरातून मूठभर तिखट आणलं आणि चालू पंख्याखाली उधळलं. राक्षस सोडून सगळे आंधळे झाले. खोकता खोकता त्यांनी निकाल दिला, "फेकणाऱ्यानं सोताच्या डोळ्यांसाठी बी फासा टाकायचा!" आतून माझी मेहुणी ओरडली, "अन् उद्याच्या भाजीत काय तुमची शिट्टी घालू?"

या सगळ्यांत खरी खेळाडू एकच, बँकेतल्या मॅडम. खेळातली त्यांची वीर, एक पहिलवानीण, कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांना वाचवत आली होती. मॅडमची लातूरला बदली झाली, तो आमच्या दर शनिवारच्या खेळातला त्यांचा शेवटचा शनिवार. येतानाच त्या म्हणाल्या, "सर, हिची गोष्ट अर्धी राहिली तर सुट्टीला येऊन पुरी करीन बघा." साडूभाऊ नुसते "हाव" म्हणाले, पण त्या संध्याकाळी त्यांनी लढाई अशी रेंगाळवली की औषधदुकानदारांना डुलकी लागली.

शेवटी किल्ल्याच्या खंदकात मगर आलीच. जखमी पहिलवानीण म्हणाली, मी तिच्या जबड्यात मुद्गल उभा रोवते, तोवर तुम्ही पलीकडं पळा. साडूभाऊंनी सुटकेस उघडून मगर केली, लाटण्याचा मुद्गल केला, चारदा रोवून बघितला आणि आकडा लावला दहा. एवढा स्वस्त आकडा त्या घरात कधी कुणाला मिळाला नव्हता. मॅडमनी फासा टाकला. तीन.

सुटकेस आपोआप मिटली. आता शिट्टी वाजायची, की वीर मेला. शिट्टी वाजेना.

"सतरंजीला सुरकुती हाय," साडूभाऊ म्हणाले. "परत टाका."

"न्हाई सर. पडला तो पडला."

"मगर म्हातारी हाय. दात न्हाईत तिला."

"मघाशी तुम्हीच चौसष्ट म्हणालात की!"

"ते… हिरड्या मोजल्या मी. पोट भरलेलं हाय तिचं."

मॅडमना हसू आवरेना. "सर, पंचानं असं करू नये. वाजवा शिट्टी. मेली ती."

साडूभाऊंनी शिट्टी ओठांशी नेली, थांबले, आमच्याकडं बघितलं, लाटण्याकडं बघितलं. मग गळ्यातली दोरी काढून सुटकेसवर आपटली आणि जन्मभराचा पंच एखाद्या पोरासारखा ओरडला,

"अहो मॅडम, ती मेल्यावर तुम्ही लातूरहून कशाला याल इकडं?"