कार्मेलच्या वाटेवर मलिदा

एलोजीकाका ओल्या खडकावर बसले आणि मला म्हणाले, “सिस्टर, बोट कधी सुटनार?” मुंबईहून इस्रायलला येऊन, बोटीतून उतरून त्यांना चार वर्षं झाली होती. आम्ही मुंबईकडचे मराठी ज्यू हैफा शहराच्या वर कार्मेल डोंगर चढत होतो आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

हात लावला तर अंगाला गार, चिकट घाम. सकाळी दवाखान्यात मीच त्यांना इन्सुलिन दिलं होतं. हे डायबेटीसचं इंजेक्शन रक्तातली साखर उतरवतं. पोटात अन्न नसेल तर ती नको इतकी उतरते. माणूस आधी बरळतो, मग बेशुद्ध होतो, आणि उशीर झाला तर उठत नाही.

“सकाळी काय खाल्लं यांनी?”

“काय नाय,” त्यांची बायको सारामावशी म्हणाली. “मलिदा होईस्तवर उपास हाय.”

“मला तर पाव खाल्ला म्हणाले.”

“मग? खरं सांगितलं असतं तर सोडलं असतंस तू?”

त्यांचा मुलगा सैन्यातून सुखरूप परतला म्हणून हा नवस. डोंगरावर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताच्या, जागी चालत जायचं आणि पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करायचा. पाऊस थांबू द्या, असं मी दोनदा सांगितलं होतं. आमचे हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, म्हणाले, “नवस लांबवू नये.” मग निघाली वरात. पुरुषांच्या पायात मुंबईचे पॉलिश केलेले, गुळगुळीत तळाचे बूट. बायकांचा एक हात ताटाला, दुसरा साडीला. खडक धरायला हात कोणाचाच मोकळा नाही.

बरोबर न्यायला मी दवाखान्याच्या मॅनेजरकडे साखर मागितली होती. “रेशनची साखर पिकनिकला?” तो हिब्रूत म्हणाला. “देवाकडे चाललात ना, तोच देईल.” जखमेला लावायचं आयोडीन मात्र हवं तेवढं दिलं. आयोडीन पिता येत नाही.

“मावशी, ताट खाली घे. गूळ दे.”

“अजून ब्राखा व्हायचीय,” हजान म्हणाले. ब्राखा म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना.

“मग म्हणा. मी थांबणार नाही.”

मावशीने ताट छातीशी धरलं. “नवस मोडला नि पोरावर काय आलं म्हंजे?”

“पोराचं मला माहीत नाही. नवऱ्यावर काय आलंय ते समोर दिसतंय.”

काकांची मान एका बाजूला कलायला लागली. मावशीने तिकडे पाहिलं आणि स्वतःच ताटावरचं फडकं ओढलं. मी फ्लास्कच्या झाकणात पाणी ओतून गूळ कालवला. गिळणं अजून शाबूत होतं, म्हणून घोट घोट पाजलं. हजानांनी ब्राखा म्हटली, ती इतक्या वेगाने मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे नीट उघडले आणि अर्ध्या ताटाकडे पाहिलं. “मलिदा झाला?”

“झाला की,” मावशी म्हणाली. “वर जाऊन आलो आपन. तुमी थकलात म्हनून बसलोय.”

काकांनी हात जोडले. हजानांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मी सगळ्यांना बूट काढायला लावले आणि बसत, सरकत खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने विचारलं, “कशी झाली पिकनिक?”

“आयोडीन उरलंय,” मी म्हटलं.

तेव्हापासून इंजेक्शनच्या ट्रेमध्ये मी पाव ठेवते. आधी माझ्यासमोर पाव, मग सुई. आमची माणसं देवाला दिलेला शब्द मोडत नाहीत. नर्सला काय सांगितलं, ते दारातच विसरतात.