देव्हाऱ्यातली डबी

सही करण्याआधी मी फॉर्म दोनदा वाचला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून वसईच्या त्या इस्पितळात फॉर्म वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयात स्टेंट, वर दमा. पूर्ण भूल त्यांना झेपणार नाही, म्हणून कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करायचं ठरलं होतं. त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर आधी बंद हवी होती. फॉर्मवर त्या गोळीच्या रकान्यात मी 'बंद केली' असं लिहिलं. त्या गोळीची पाकिटं मीच उचलून कपाटात ठेवली होती. तरी मन शांत नव्हतं. देवावर माझा विश्वास आहे का, हेही तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

शेजारच्या खाटेपाशी पाचूबंदरची एक कोळीण मावशी नवऱ्याचे पाय चेपत बसली होती. आजोबांकडे बघून म्हणाली, "काय रे बाबा, घाबरलास? देवाला सांगून आलास ना?"

"सांगून? रोज त्याच्याच पुढ्यातल्या गोळ्या घेतो, तीर्थाबरोबर. आजपण घेऊनच निघालो."

"आन् डाक्टर तर बोलला, पानीपन नको!"

"तीर्थ म्हणजे काय पाणी आहे होय?"

दोघं हसली. मला देव्हाऱ्यातली डबी आठवली. समईजवळच्या पितळी डबीत आजोबांच्या महिन्याभराच्या गोळ्या मीच काढून ठेवत असे, रक्त पातळ करणारीही. पाकिटं उचलली, डबी विसरले.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. गप्प राहिले तर कुणाला कळणार, असं क्षणभर वाटलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मावशीने माझा चेहरा पाहिला आणि पाठीवर हात ठेवला. "काय ते सांगून ये बाय, जा."

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. "आत्ता बोललीस ते बरं झालं. कण्यात रक्त साचलं असतं तर पाय कायमचे जाऊ शकले असते." ऑपरेशन पुढे ढकललं.

दुसऱ्या खेपेला ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं, तेव्हा मी काही न मागता नुसते हात जोडले. आजोबा जागेच बाहेर आले, ओठांवर नाम, पाय बधिर. संध्याकाळी त्यांच्या पायाचा अंगठा हलला आणि मला रडू फुटलं.

मावशीच्या नवऱ्याच्या खाटेवर आता दुसरंच कुणी होतं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून सगळं देवावर सोडायचं, असं मला वाटायचं. आपली चूक उघडी करणं हेही त्यातच येतं, हे तिच्यामुळे कळलं. डबी अजून समईजवळच आहे. आता मी तीत एकाच दिवसाच्या गोळ्या ठेवते, आणि ठेवताना पाठीवर तो हात जाणवतो.