बिनवाळूची सुकट

मठातून परत आली त्याच संध्याकाळी जमुनानं कुडाच्या फटीतून सासू आणि दिराचं भांडण ऐकलं. भांडण तिच्यावरूनच होतं.

दीर आत्माराम म्हणत होता, वयनीनं तीन वर्षं डोंगरात देवाचं काम केलंय, गळ्यात माळ हाय, तिला आता मासळीत हात घालायला लावू नको. देवाजवळ बसू दे, चार माणसं पाया पडतील.

सासू ठकी म्हातारी म्हणाली, "घरात देव हायेत तेवढे बस झाले. आनखी एक बसवून ठेवायला जागा नाय."

जमुनाला दोघांचंही पटलं नाही. तिला देव व्हायचं नव्हतं आणि भारही व्हायचं नव्हतं. तिला या घरात कामाची जागा हवी होती. देवानं दोन हात दिले ते काय नुसते जोडायला?

नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मग मठाच्या मंडळींबरोबर सातपाटी सोडून विक्रमगडच्या वरच्या पाड्यांवर गेली. भजन शिकवलं, दारूच्या नादानं बिघडलेली चार घरं सावरली. एक्याऐंशी साली सेवा संपली, महाराज म्हणाले, आता घरी जा. घरी येणं सोपं, पण घरात मावणं अवघड. पहाटे चारला तिचे टाळ वाजले की जाऊ दमयंती डोक्यावरून गोधडी ओढून घेई. पाड्यावर बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. ती सवय इथंही सुटेना. शेजारी मीठ मागायला गेली तरी अंगणात हात जोडून उभी. शेजारणीला वाटे, कोणी गेलं की काय!

आठव्या दिवशी तिनं खराटा उचलला. ठकीच्या घरची रीत अशी, की ओला जवळा किनाऱ्यावर पसरायचा आणि सुकला की गोळा करायचा. निवडलेली सुकट घरात राही, वाळू लागलेली डोंगराच्या बाजाराला जाई. जमुनानं अंगण शेणानं सारवलं, वर जुनं जाळं अंथरलं, त्यावर जवळा पसरला. सुकल्यावर, किनाऱ्यावरून चिकटून आलेली वाळू काढायला चाळण घेऊन बसली.

ठकी हसली. म्हणाली, डोंगरातली माणसं दगड पचवतात, त्यांना वाळूचं काय?

जमुनानं हात थांबवला नाही. "आये, मी माळ घातल्यापासून मासळी खात नाय. पन पाड्यावरल्या नवसीच्या ताटाशेजारी बसलेय. आपली वाळू तिच्या दातांखाली वाजली, ते मी ऐकलंय. ती हसली आनी म्हनली, बाय, तुमचा देव गोड हाय, पन तुमची सुकट लय वाजते."

ठकी उठून आत गेली. गेली ती रुसून, असं दमयंतीला वाटलं. पण म्हातारी बाहेर आली ती आपली नाचणीची बारीक चाळण घेऊन.

"तुझ्या चाळणीतून अर्धी सुकट खाली पडतेय," ती म्हणाली. "देवाच्या कामात एवढंच शिकलीस?"

बाजारात नवसीनं चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. मग एवढंच म्हणाली, "वाजत नाय."

पुढं त्या बाजारात जमुनाबायची सुकट म्हणून बायका विचारत येऊ लागल्या. गल्लीतल्या चार घरांनी अंगणं सारवली. जिनं जागा नाही म्हटलं होतं, ती ठकी मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आमची सून मठात शिकून आलेली हाय. जमुनानं मात्र आपल्या हातची सुकट कधी चाखली नाही. ती चांगली आहे की नाही, हे तिला डोंगरातल्या लोकांच्या तोंडूनच कळे.

चौऱ्याण्णवच्या माघात एका सकाळी तिनं सुकटीचं गाठोडं बांधलं, पहिल्या एस.टी.वर चढवलं, कंडक्टरला नवसीच्या लेकीचं नाव सांगितलं. दुपारी ती ओटीवर पडली ती उठली नाही. पण त्याआधी, गाठोडं देऊन परतल्यावर, तिनं नेहमीसारखी चाळणीखालची वाळू घमेल्यात भरली, आणि किनाऱ्यावर जाऊन जिथली तिथं ओतून आली.