बशीरचाचा आणि काचेच्या कपाटातला खेकडा

बशीरचाचा पाण्याखाली जाळ्यात अडकून गेले, तेव्हा त्यांच्यासाठी बनवलेलं मशीन आमच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात होतं.

चावी माझ्या खिशात होती.

आज पाच वर्षं झाली. दरवर्षी मी या दिवशी इथे त्यांचा फोटो टाकला, तुम्ही खाली हात जोडलेत. आज फोटो टाकत नाही. जे झालं ते लिहितो.

मिरकरवाडा बंदरात कुठल्याही बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं की चाचांना बोलावणं यायचं. ना टाकी, ना मास्क. सुरी दातात धरायची आणि श्वास कोंडून खाली जायचं. गढूळ पाण्यात काही दिसायचं नाही. हातानेच चाचपून जाळं कापायचे. उजव्या हाताची दोन बोटं त्यातच गेली होती.

त्यांची मुलगी सलमा माझ्या वर्गात. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, फायनल इयर.

रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी आम्हा चौघांची टीम झाली. लीडर मी. पहिल्याच मीटिंगला सलमा म्हणाली, "काळ्या पट्टीवरून पळणारी गाडी सगळेच करतात. माझ्या अब्बांना पाण्यात उतरायला लागू नये असं काहीतरी करूया."

केलं. भंगारातल्या वायपरच्या मोटरी, प्लास्टिकचे पाईप, स्टीलच्या डब्यात बंद केलेला छोटा कॅमेरा, पुढे करवतीचं पातं. वर बोटीत एक जुना टीव्ही. मशीन खाली सोडायचं आणि टीव्हीत बघत जाळं कापायचं.

डोकं नव्वद टक्के सलमाचं. नाव मी दिलं. खेकडा.

धक्क्यावर ट्रायल घेतली, तेव्हा चाचा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. पंखा दिसला आणि ते हसायलाच लागले.

"तीस वर्सां हात लावतंय याला. आज तोंड बघितला."

एक जाळं सोडवायला खेकड्याला पाऊण तास लागला. चाचा दहा मिनिटांत सोडवायचे. तरी म्हणाले, "लागूं दे वेळ. त्याचो कान दुखत नाय."

त्यांचा कान तेव्हा वाहत होता.

पुण्यात आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. प्रिन्सिपल सरांनी खेकडा ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवला. तपासणीची कमिटी येणार होती. "ती येऊन जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," सर म्हणाले, आणि चावी माझ्याकडे दिली. रोज काच पुसायची.

कमिटीच्या आदल्या दिवशी सकाळी सलमा आली. धापा टाकत.

"एका ट्रॉलरच्या पंख्यात सगळं जाळं गेलंय. मालक दारात बसलाय. डॉक्टरनी अब्बांना कानामुळे महिनाभर पाण्यात उतरणं बंद सांगितलंय. खेकडा दे. दुपारपर्यंत आणून ठेवते."

सर त्या दिवशी कोल्हापूरला होते. कुणाला कळलंही नसतं.

पण पुण्याच्या एका कंपनीतल्या नोकरीसाठी मला सरांचं शिफारसपत्र हवं होतं. ते कमिटी गेल्यावर मिळणार होतं. मशीनला ओरखडा आला असता, कॅमेऱ्यात पाणी गेलं असतं, तर?

मी म्हणालो, "अब्बांना सांग ना, एक दिवस आराम करा."

"आराम केला तर मालक दुसरा माणूस बघेल."

"मग बघू दे."

हे मी म्हणालो. अगदी असंच.

तिने पुन्हा मागितलं नाही. निघून गेली.

चाचा उतरले. एकदा वर आले, दुसऱ्यांदा आले. बोटीवरचे सांगतात, तिसऱ्यांदा वर आले तेव्हा चक्कर आल्यासारखे डोकं धरून होते. "थोडाच ऱ्हायलाय," म्हणाले आणि परत गेले.

वर काढले तेव्हा डाव्या पायाला जाळ्याचे तीन वेढे होते.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. मी हजर होतो. इस्त्रीचा शर्ट घालून.

मोठ्या टबात पाणी भरून मी खेकडा चालवून दाखवला. एका साहेबांनी विचारलं, "याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का?"

सर म्हणाले, "होतो तर! बंदरात वापरतात. माणसाला पाण्यात उतरावं लागत नाही."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी मान डोलावली.

"टीममधली ती मुलगी कुठाय?"

"तिच्या घरी थोडी अडचण आहे," सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी चाचांच्या घरी गेलो. सलमाच्या अम्मीने मला आत बसवलं, चहा दिला. "तुम्ही पोरांनी माझ्या माणसासाठी येवढं केलंत," म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

सलमा फाटकापर्यंत आली.

"अम्मीला सांगितलं नाही मी. तुझ्यासाठी नाही. तिला आत्ता आणखी काही सोसणार नाही."

मला पत्र मिळालं. नोकरी मिळाली. खेकडा परत द्या म्हणून सलमाने सरांना दोन अर्ज दिले, दोन्ही नामंजूर झाले. मग तिने दुसरा बनवला. एकटीने.

गेल्या वर्षी सुट्टीत मी बंदरावर गेलो होतो. धक्क्यावर गर्दी होती. मधे सलमा उभी, समोर टीव्ही, हातात कंट्रोलचा डबा. खाली मशीन काम करत होतं. बोटीवरचे सगळे खलाशी कोरडे होते.

मी पुढे सरकलो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

तिने वर पाहिलं. ओळखलं. नक्की ओळखलं.

"दादा, जरा मागे व्हा. केबलवर पाय पडतोय तुमचा."

मी मागे झालो.

चाचा, तुम्ही माझ्यामुळे गेलात. माफी मागायचा हक्क मला नाही, म्हणून मागत नाही.

कुणी खाली हात जोडू नका. जोडायचे असतील तर चाचांसाठी जोडा, माझ्यासाठी नको.

अल्ला तुम्हाला सुखात ठेवो, बशीरचाचा.