हरलेल्याच्या घरी आधी

आमच्या खालच्या मजल्यावर, इथे आखातात अल खौदला, मुलीकडे राहणारे काका पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर मंत्री होते, असं ती सांगायची. माझा काही विश्वास बसत नसे. फुलाफुलांचा शर्ट घालून ते किराणा दुकानाशी उभे राहायचे आणि कोथिंबीर घ्यायला आलेल्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून आईची तब्येत विचारायचे. त्यांना काहीही सांगा, त्यांच्या बेटावरच्या हिंदीत उत्तर एकच : "देखेगा."

मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक मी सपाटून हरलो. बायकोने मत कुणाला दिलं, हे मी अजून विचारलेलं नाही. त्याच संध्याकाळी काका दारात हजर.

"हमारे यहाँ पहले हारनेवाले के घर जाते हैं," ते म्हणाले. "जीतनेवाले के घर भीड़ रहती है."

मग सोफा सोडून खाली सतरंजीवर बसले. "जो भाषण तैयार किया था, वो सुनाओ."

मी विजयाचं भाषण काढलं आणि उभा राहून वाचू लागलो. सुरुवातीला त्यांनी अगदी योग्य जागी टाळ्या वाजवल्या. कार्यकर्त्यांचे आभार येईपर्यंत मात्र ताठ बसल्या बसल्या, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, ते गाढ झोपले होते.

"हळू वाच, उठतील ते," बायको म्हणाली.

ते मंत्री होते, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.