कानपिळीच्या दिवशीचा ट्रंककॉल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. बी.एस्सी. झालो आणि नगरच्या एका सरकारी संशोधन कार्यालयात कॉम्प्युटरवर लागलो. मिरजगावात हे समजावून सांगताना आईची पंचाईत व्हायची. ती म्हणायची, "पोरगं मशिनीवर हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, पिठाच्या गिरणीवर.

मशीन दोन कपाटांएवढं होतं आणि मेमरी इतकी तोकडी, की आजच्या पोरांना सांगितली तर ती हसतात. तरी त्यात दोन-तीन कामं एका वेळी चालत. खोड एकच होती. एखादं काम संपलं की ते नुसतं निघून जायचं. घेतलेली मेमरी परत करायचं नाही, उघडलेली टेप बंद करायचं नाही. पाहुणा जेवून गेला, पण पाट आणि ताट तिथंच, तसलं. दुपारपर्यंत नव्या कामाला बसायला जागाच उरायची नाही आणि मशीन गप्प व्हायचं. मग मी ते बंद करून, सगळी कामं हाकणारा मुख्य प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून पुन्हा भरायचो. हे माझ्याशिवाय कुणाला धड जमत नव्हतं, आणि मी त्या तोऱ्यात होतो.

तो तोरा उन्हाळ्यात अंगाशी आला. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि नेमक्या त्याच दिवशी दुपारी तीनला दिल्लीचे पाहुणे मशीन बघायला येणार होते. मी रजा मागितली.

साहेब म्हणाले, "आणि पाहुण्यांसमोर मशीन बसलं तर?"

"साहेब, मी एकुलता एक भाऊ आहे. कानपिळीला मीच लागतो."

कानपिळी साहेबांना माहीत होती. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. साहेबांचाही कधीतरी पिळलेला असणार, कारण त्यांचा हात कानाकडे गेला. म्हणाले, "तुझ्याशिवाय दिवसभर चालवून दाखव. मग खुशाल जा."

मी कामाला लागलो. ठरवलं, की काम नीट संपो नाहीतर मधेच मरो, त्यानं काही परत करायची वाटच बघायची नाही. मुख्य प्रोग्रॅमनंच त्याच्या नावावरचं सगळं काढून घ्यायचं. मेमरी मोकळी करायची, टेप मागं गुंडाळून बंद करायची. तो भाग लिहून भरला, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही बसलं नाही. मी दिवसभर बाहेर लिंबाखाली चहा पीत होतो आणि साहेब दर थोड्या वेळानं दारातून डोकावून मी तिथंच आहे ना, हे बघत होते. रजा मिळाली. नगर ते मिरजगाव एसटीत उभ्यानं गेलो, पण पाय गाडीला लागत नव्हते.

लग्नाच्या दिवशी त्याच मुहूर्तावर शेजारच्या घरीही लग्न होतं. दोन मांडव एकमेकांना खेटून. देवळाचं लांबलचक जाजम एकच, म्हणून ते दोन्ही मांडवांतून आरपार अंथरलेलं. अर्ध्यावर आमची माणसं, अर्ध्यावर त्यांची. आमच्याकडच्या मंगलाष्टका संपल्या, पाहुणे जेवायला उठले. गुरुजी पुढच्या विधीची तयारी करू लागले. आणि देवळाचं सामान परत पोचवायची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्या माझ्या चुलतभावानं आमच्या टोकाकडून जाजम ओढायला सुरुवात केली. गडी अंगानं दणकट होता.

पलीकडून ओरडा झाला, "आरं, मानसं बसल्यात वर."

"मंग उठा की. आमची उठली."

"तुमची उठली म्हून आमी उठायचं व्हय?"

"जाजम देवळाचं हाय. आमचं काम झालं, मी चाललो घेऊन."

एक फेटेवाले आजोबा मांडी घातलेल्या अवस्थेत, हातातलं पान न सांडता, त्यांच्या मांडवातून सरकत आमच्या मांडवात आले. आल्या आल्या म्हणाले, "जेवान कुठल्या बाजूला हाय?" दोन्ही मांडव हसून लोळले. मीही हसलो, आणि हसता हसता गार पडलो.

माझा प्रोग्रॅम हेच करणार होता. पाहुण्यांपुढं दोन कामं एकाच टेपवरून एकदम वाचणार होती. मी चाचणी घेतली तेव्हा प्रत्येक कामाची टेप वेगळी होती. आता पहिलं काम संपलं, की मुख्य प्रोग्रॅम टेप गुंडाळून मोकळा होणार, आणि दुसरं काम त्या आजोबांसारखं वाचता वाचता सरकत जाणार.

उपाय सोपा होता. टेपवर किती जण बसलेत ते मोजायचं. एक उठला की एक कमी, आणि शेवटचा उठल्यावरच गुंडाळायची. लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी नव्या सूचना आकड्यांत लिहून काढल्या आणि पोस्टमास्तरांना पंगतीतून उठवायला गेलो.

"आत्ताच बुंदी वाढलीय," मास्तर म्हणाले.

"येऊन खा. तोवर मी राखतो."

"तू तर माझ्याबरोबर येणार ना?"

त्यांनी बुंदी द्रोणात घेतली आणि पोस्ट उघडलं. अर्जंट ट्रंककॉल लावला. माझ्या नशिबानं लागला. पलीकडे माझा सहकारी होता, नगर शहरातला, बोलण्याला उर्दूची फोडणी.

"अरे मियाँ, तू शादीत आहेस की ड्युटीवर?"

मी त्याला आधी जाजमाची हकीकत सांगितली. तो इतका हसला, की मला वाटलं लाइन तुटली. मग मी आकडे सांगायला लागलो. आवाज पोचत नव्हता म्हणून बेंबीच्या देठापासून. "शून्य, चार, दोन, सात. लिहिलंस? पुढं. पाच, शून्य, शून्य, तीन."

मागं वळलो तर पोस्टात निम्मं वऱ्हाड. पुढं माझे मामा. मटक्याचा त्यांना भारी नाद. ते तळहातावर उतरवून घेत होते.

"भाच्या," ते हळूच म्हणाले, "यात आठ न्हाई, नऊ न्हाई. कसं काय?"

"मामा, ह्या मशीनची मोजणी शून्य ते सात. आठ-नऊ त्याला चालतच नाहीत."

मामांचे डोळे चकाकले. "आगायायाया. मंग किती सोप्पं हाय."

"मामा, हा मटका नाही."

"व्हय व्हय. समद्यांम्होरं नगं बोलूस."

शेवटचा आकडा सांगून झाला तेवढ्यात चुलतभाऊ दारात आला. "गुरुजी खोळंबल्यात. नवरदेव कवाधरनं कान म्होरं करून बसलाय." आणि पलीकडून सहकारी म्हणत होता, थांब, आकडे भरून दोन्ही कामं चालवून बघतो. मी रिसीव्हर मामांच्या हातात दिला. म्हणालो, "तो काय म्हणतो ते ऐका आणि येऊन सांगा." आणि टेरिलीनच्या पँटीची पर्वा न करता गल्लीतून पळत सुटलो.

मांडवात बहीण मुंडावळ्या मागं सारून वाटेकडे बघत होती. मला बघून म्हणाली, "आलास? मला वाटलं नगरला गेलास."

मी नवरदेवाचा कान धरला. रीतीप्रमाणं त्यानं टॉवेल-टोपी पुढं केली. तेवढ्यात मामा धापा टाकत आले. मागं सगळं पोस्ट.

"त्यो म्हनतोय," मामा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक काम उठून गेलं. दुसरं बसलंय तसंच बसलंय, आन कागुद सरळ छापतोय. तू जेवून घे म्हनला."

काय त्या क्षणी अंगात आलं सांगता येत नाही. दिल्लीचे पाहुणे तीनला येवोत नाहीतर पाचला, मला कुठंही जायचं नव्हतं. मी हसत सुटलो, मामा हसले, काही न कळता गुरुजीही हसले.

"मेव्हणे," नवरदेव रडकुंडीला येऊन म्हणाला, "टोपी दिली ना. आता सोडा की."

"दादा," बहीण म्हणाली, "तसाच धर. घरी कसं वागायचं ते कळंल."